रामटेकेसाहेबांची मंजूर संख्या

रामटेकेसाहेब कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी माणसं मोजत. दारात चपला काढता काढता त्यांची नजर कोचावरून, खुर्च्यांवरून, स्वयंपाकघराच्या पडद्यामागून फिरून येई, ओठ किंचित हलत, आणि मग ते यजमानाला शांतपणे सांगत, "मंजूर संख्येपेक्षा दोन जास्त आहेत." माझ्या भाचीचा साखरपुडा आमच्या हॉलमध्ये झाला, तेव्हा त्यांनी नवऱ्यामुलाच्या काकांना दारातच सांगितलं की या खोलीत एकवीस बसतात, आपण बाविसावे. काका गच्चीवर जाऊन बसले. त्यांना खाली आणायला दोघांना पेढे घेऊन वर जावं लागलं, आणि लग्नातसुद्धा ते माझ्याशी तुटकच बोलले.

साहेबांच्या मते यात उद्धटपणा काही नव्हता. खडकीच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी एकाच टेबलावर काढली होती, आणि ते टेबल कामगारांना क्वार्टर्स वाटून देण्याचं होतं. कुठल्या क्वार्टरमध्ये किती माणसं राहू शकतात, हे कागदावर ठरलेलं असे. पण साहेब कागदावर थांबत नसत. सायकल काढून स्वतः जाऊन बघत. निवृत्त होताना लोकांना घड्याळ मिळतं, शाल मिळते. साहेबांनी 'मंजूर संख्या' हे दोन शब्द घरी आणले आणि ते लिफ्टला, रिक्षाला, कोचाला, लोणच्याच्या बरणीतल्या फोडींनासुद्धा लावले.

खडकी स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आमची सोसायटी. मी पहिल्या मजल्यावर, ते बरोबर माझ्या डोक्यावर. मी विम्याच्या कचेरीत नोकरीला, म्हणजे लोकांच्या डोक्यावर काय काय पडू शकतं याचा विचार करण्याचाच मला पगार मिळे. एका रविवारी सकाळी त्यांनी बेल वाजवली आणि विचारलं, "तुमच्या हॉलच्या छताला तुळई कुठून जाते?"

मी म्हटलं, "का?"

"टाकी येते आहे."

"पाण्याची?"

"समुद्राची," ते म्हणाले, आणि आत येऊन छताकडे बघत राहिले.

टाकी त्यांच्या मुलाची, मिलिंदची. पुण्यात तेव्हा कंप्युटरच्या कंपन्यांचे दिवस सुरू झाले होते. ज्या घरात फ्रिज घ्यायला बापाची दहा वर्षं गेली, त्या घरात मुलगा दुसऱ्या वर्षीच गाडी आणू लागला होता. मिलिंदने गाडी आणली नाही. वर्षभरापूर्वी त्याची आई गेली होती, आणि वडील संध्याकाळभर बंद टीव्हीसमोर बसतात हे त्याने पाहिलं होतं. घरात काहीतरी हलतं असावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने सहा फूट लांब काचेची टाकी आणली, त्यात मिठाचं पाणी केलं, समुद्रातले खडक रचले, त्यावर जिवंत पोवळी लावली, निळे दिवे सोडले. भरल्यावर तिचं वजन जवळजवळ एक टन झालं. तुळई टाकीच्या बरोबर खाली येते, हे साहेबांनी मला चार वेळा समजावून सांगितलं. पाचव्यांदा मी कोच भिंतीकडे सरकवला.

टाकी स्थिरावायला सहा-सात महिने गेले. तिच्यात मिलिंदने तीन मोठ्या जातीचे मासे सोडले, आणि दोनच आठवड्यांनी कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. सहा महिन्यांचं पुढे वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. टाकी साहेबांच्या गळ्यात पडली. त्यांच्या गावाकडे, भंडारा जिल्ह्यात, मासा भेटायचा तो ताटात. आता ते रोज सकाळी पाण्यातलं मीठ मोजू लागले, काचेवरचं शेवाळ खरवडू लागले आणि रविवारी बादल्या भरभरून पाणी बदलू लागले.

ते तीन मासे सोडले तेव्हा तळहाताएवढे होते. एक निळा, अंगावर पिवळ्या रेघा असलेला. त्याला दुकानदार 'एम्परर' म्हणे, म्हणून साहेब 'सम्राट' म्हणत. दुसरा फिक्या आकाशी रंगाचा. त्याच्या शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखा धारदार काटा होता, आणि तो काटा आपल्याला आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचं नाव 'आकाशी'. तिसरा गडद जांभळा, पिवळ्या शेपटीचा. काटा त्यालाही होता, पण तो वापरायची वस्तू आहे हे त्याला कुणी सांगितलं नसावं. तो बहुतेक वेळ डावीकडच्या कपारीत असे. त्याला साहेब नुसतं 'जांभळा' म्हणत, आणि जरा हळू म्हणत.

मासे वाढू लागले तशी साहेबांची झोप उडाली. या टाकीची मंजूर संख्या किती?

ज्याच्या दुकानातून हे मासे आणले होते तो शनिवार पेठेतला मासेवाला म्हणाला, पाच आरामात राहतील, लोक सात ठेवतात. साहेबांनी त्याला विचारलं, लोक ठेवतात की मासे राहतात? त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मिलिंदने इंटरनेटवर कुठल्या तरी अमेरिकन गृहस्थाला विचारून कळवलं की एवढ्या पाण्यात चार चालतील. साहेबांना तेही पटेना. ते म्हणाले, "पाण्यावरून संख्या ठरत नाही हो. क्वार्टरमध्येही ठरायची नाही. हवा पुरते, पाणी पुरतं, खाणं पुरतं. एकमेकांकडे पाठ फिरवून बसायला जागा पुरत नाही, तिथं संख्या संपते."

मग निरीक्षण सुरू झालं आणि त्यात मी सापडलो. रविवारी सकाळी नऊ ते दहा. साहेब आकाशीवर, मी जांभळ्यावर. आकाशी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला किती वेळा जातो आणि वाटेत किती वेळा दुसऱ्याच्या अंगावर धावतो, हे ते लिहीत. जांभळा कपारीतून किती वेळा बाहेर येतो, हे मी लिहायचं. माझं काम हलकं होतं. एका रविवारी तासात मी एकही रेघ ओढली नाही. साहेबांनी वही घेतली, कोऱ्या पानाकडे बघितलं आणि म्हणाले, "ही नोंद महत्त्वाची आहे."

त्या तासात मिलिंदचा फोन येई. मी समोर असल्याने बाप-लेकाचं संभाषण मला पाठ झालं होतं. मीठ किती, तापमान किती, पोवळी तपकिरी पडताहेत का. तिकडून प्रश्न येत, इकडून आकडे जात. आकडे संपले की साहेब म्हणत, "बरं, ठेवतो. तुझं बिल वाढतंय." तू जेवलास का, हे साहेबांनी कधी विचारलं नाही. तुम्ही जेवलात का, हे तिकडून कधी विचारल्याचं ऐकू आलं नाही. भिंतीवर मिलिंदच्या आईचा फोटो होता. तो हे सगळं ऐकत असे.

आमच्या भागात गुरुवारी वीज जात असे. एरवी तासा-दोन तासांत येई, पण त्या उन्हाळ्यात एका गुरुवारी ती सकाळी गेली ती दुपार झाली तरी येईना. टाकीतलं पाणी फिरवणारे पंप बंद पडले की माशांना श्वास पुरत नाही. इन्व्हर्टरने तासाभरात मान टाकली. साडेअकराला साहेब माझ्या दारात आले. मला ताप होता म्हणून मी घरी होतो. त्यांनी ताप किती आहे ते विचारलं, शंभर म्हटल्यावर "चालेल" म्हणाले आणि मला वर नेलं.

स्टीलच्या तांब्याने टाकीतलं पाणी उपसायचं आणि उंचावरून पुन्हा टाकीत ओतायचं. एवढाच उपाय होता. पंधरा मिनिटं ते, पंधरा मिनिटं मी. आमची मंदा, म्हणजे माझी बायको, मला शोधत वर आली आणि हे बघून दारातच म्हणाली, अभिषेक चाललाय का. साहेबांनी तांब्या न थांबवता उत्तर दिलं, "अभिषेकात देवाला श्वास लागत नाही, वहिनी." मंदाने पदर खोचला आणि तिसरा तांब्या घेतला.

दुपारी दोनच्या सुमारास जांभळा कपारीतून बाहेर आला. पाण्याच्या वर तोंड काढून तो हवा गिळत होता. मग हळूहळू एका अंगावर कलला. आकाशी त्या अवस्थेतही एकदा त्याच्या अंगावर धावून गेलाच. साहेबांनी हात पाण्यात घातला आणि दोघांच्या मध्ये आडवा धरून ठेवला. तो हात त्यांनी वीज येईपर्यंत काढला नाही. तोवर आम्ही नवरा-बायको पाणी ओतत होतो. पावणेचारला पंप सुरू झाले. साहेबांनी हात बाहेर काढला तेव्हा मनगटावर आकाशीच्या काट्याचा लांब ओरखडा होता. त्यांनी तो पुसला आणि वहीत लिहिलं, मंजूर संख्या दोन.

म्हणजे प्रश्न सुटला असं मला वाटलं. एका माशाला दुसरं घर बघायचं, संपलं. पण पुढचे दोन महिने साहेबांना कुठला मासा द्यायचा हे ठरवता येईना. ज्या माणसाने खडकीत शेकडो कुटुंबांना इकडचं तिकडे केलं, तो तीन माशांपुढे अडला. मासेवाला म्हणाला, जांभळा द्या, तसाही तो तुमच्याकडे टिकायचा नाही. साहेब त्याच्या दुकानातून चहा अर्धा टाकून उठले. मिलिंदने फोनवर सुचवलं की सम्राट द्या, तो पोवळी कुरतडतो. ते म्हणाले, बघतो. मंदाने चिठ्ठ्या टाकायला सांगितलं. साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. दर रविवारी मी विचारत असे आणि दर रविवारी काहीतरी निघे. आज पाणी बदललंय, आज पौर्णिमा आहे, विहारात जायचंय, आज जांभळ्याने बरं खाल्लं. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो, ही काय पाठवणी आहे का? त्यांनी वही मिटून ठेवली. मी वर जाणं आठवडाभर टाळलं.

मध्ये आणखी एक गुरुवार आला. या वेळी वीज अडीच तासच गेली, पण जांभळ्याच्या पंखाची एक कड फाटली. त्याच आठवड्यात मासेवाल्याने निरोप धाडला. सदाशिव पेठेतल्या एका दंतवैद्यांनी दवाखान्यात समुद्राची टाकी केली होती, आठ फुटांची, आणि त्यात मोठा मासा एकही नव्हता. त्यांना एक हवा होता. साहेब आधी एकटे जाऊन ती टाकी बघून आले. मला म्हणाले, "जागा चांगली आहे. उजेड येतो. आकाशीला पाठवू. भांडखोराला एकट्याची टाकी मिळाली की तो निवळतो, मी क्वार्टर्समध्ये पाहिलंय."

शनिवारी सकाळी मासेवाला पिशव्या आणि जाळी घेऊन आला. आकाशीला पकडायचं ठरलं होतं. तो काय हाती लागतो. जाळी दिसताच तो खडकांमागे गेला, या भोकातून आत, त्या भोकातून बाहेर. मासेवाला कोपरापर्यंत भिजला. पोवळ्याचा एक तुकडा मोडला. सम्राट घाबरून काचेवर आपटला. दीड तास असा गेला, आणि मग डावीकडच्या कपारीतून जांभळा सावकाश बाहेर आला, जाळी मध्ये धरलेली होती तिच्यात शिरला आणि थांबला.

मासेवाला हसून म्हणाला, हाच यायचं म्हणतोय. त्याने जाळी उचलली. मी साहेबांकडे बघितलं. ते नको म्हणतील असं मला वाटलं. त्यांचे ओठ हललेही. पण टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं, सम्राट तळाशी धापा टाकत होता, आणि आणखी तासभर हे चालवलं असतं तर सगळंच गेलं असतं. साहेबांनी होकाराची मान हलवली. पिशवीत पाणी भरताना तिचं तोंड मात्र त्यांनी स्वतः धरलं. मासेवाला जिना उतरून गेल्यावर ते कठड्याशी उभे राहिले. स्कूटर वळेपर्यंत.

दोन माशांच्या टाकीत खरोखरच शांतता आली. आकाशी निवळला. पोवळी पुन्हा रंग धरू लागली. वहीतला आकडा बरोबर निघाला होता. एवढ्यावर साहेबांनी खूश असायला हवं होतं, पण त्यांचं बोलणंच कमी झालं. रविवारची निरीक्षणं बंद झाली. मिलिंदचे फोन येत, पण आकडेही आता लवकर संपत. ते मात्र बुधवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जात, सहापर्यंत येत. मंदाला वाटलं, पेन्शनीचं काही काम असेल. मला वाटलं, कुणीतरी भेटलं असेल, आणि भेटलं असलं तर बरंच आहे.

पावसाळ्यानंतर माझी अक्कलदाढ ठणकायला लागली. मासेवाल्याच्या बोलण्यातून ते सदाशिव पेठेतले दंतवैद्य लक्षात होते, म्हणून तिथेच गेलो. बुधवार होता. दवाखाना वरच्या मजल्यावर. आत शिरलो तर बाकावर, टाकीच्या अगदी जवळच्या जागेवर, रामटेकेसाहेब बसले होते.

मला प्रथम वाटलं, दाढ दुखत असेल. पण साहेबांना कवळी आहे हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. मी शेजारी बसलो. नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून सहज सांगितलं की हे काका दर बुधवारी येतात, नंबर लावत नाहीत, मासा बघतात आणि जातात, डॉक्टरांची काही हरकत नाही. साहेब टाकीकडेच बघत होते. जांभळा वाढला होता. फाटलेली कड भरून आली होती. तो टाकीच्या मधोमध पोहत होता, आणि साहेबांनी काचेजवळ तोंड नेलं की तो तिथे येऊन थांबे.

"ओळखतो," साहेब म्हणाले.

त्या बाई म्हणाल्या, तो सगळ्यांकडेच येतो, त्याला वाटतं खायला मिळेल. साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

माझ्या आधी दोन जण होते. साहेब टाकीकडे बघतच बोलू लागले. आवाज नेहमीचाच, क्वार्टर्सच्या फायलीविषयी बोलताना असे तसा.

"आम्ही सहा भावंडं. माझे मामा इथं खडकीला कारखान्यात होते. ते गावी आले आणि म्हणाले, एकाला नेतो, शिकवतो. धाकट्याला न्यायचं ठरलं होतं. तो रडला आणि कुठं जाऊन लपला, सापडेना. गाडीची वेळ झाली. मी दारात उभा होतो."

दवाखान्याच्या आतून यंत्राचा आवाज येत होता. तो थांबला तसे ते पुढे बोलले.

"मामांनी चांगलं ठेवलं. शिकवलं, कारखान्यात चिकटवलं. कुणाचा दोष नाही. आमच्या घरात सहा मावत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त चार वर्षं तिकडून कुणी बघायला आलं नाही. मग मीच गेलो. आई दारात शेण सारवत होती. वर बघून म्हणाली, कोनाकडे आला बाबू?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. विम्याच्या कचेरीत पंचवीस वर्षं लोकांचं सांत्वन करून माझ्याकडे वाक्यांचा साठा होता, आणि त्यातलं एकही त्या बाकावर चालण्यासारखं नव्हतं. इतक्यात बाईंनी माझं नाव पुकारलं. साहेब म्हणाले, "जा, घाबरू नका, डॉक्टरांचा हात हलका आहे." कवळी असलेल्या माणसाला हे कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही. इतक्या बुधवारांत त्यांनी बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघितली असणार.

दाढ काढायला अर्धा तास लागला. बाहेर आलो तेव्हा गाल सुजला होता आणि दातांत कापसाचा मोठा बोळा दाबलेला होता. तासभर तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद होती. साहेब माझ्यासाठी थांबले होते. त्यांनी माझी औषधाची चिठ्ठी घेतली, खालच्या दुकानातून गोळ्या आणल्या, आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. खडकीपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. मला बोलायची मनाई होती, आणि त्याबद्दल मी त्या डॉक्टरांचे आजही आभार मानतो.

पुढच्या बुधवारी दुपारी मी कचेरीतून लवकर निघालो. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यातच भेटले. मला म्हणाले, "दाढ तर काढली ना?"

मी म्हटलं, "हो. दुसरी बाजू दाखवायची आहे."

मग जिना उतरताना त्यांनी कठड्याऐवजी माझा खांदा धरला.